दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या सेकंदाचा आचका, कोड नाही, दिवा नाही. कुठून शोधू?

दोन_सीटर | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, तीन महिने एका आचक्याने डोकं खाल्लंय.

गाडी दोन सीटची, इंजिन सीटांच्या मागे आडवं बसवलेलं. २.० लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, पोर्ट इंजेक्शन, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. ९४ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिली दहा उत्तरं "ही घेतलीच कशाला" अशी येतात.

होतं असं की वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या किंवा तिसऱ्यात मध्यम पाय दिला, की २५०० ते ३२०० आरपीएमच्या दरम्यान गाडीला ठेच लागते. अर्धा सेकंद, कधी त्याहून कमी. मग काही झालंच नाही अशी ओढायला लागते. पाय पूर्ण दाबला तर जवळजवळ जाणवत नाही. इंजिन थंड असताना एकदाही झालेलं नाही; वीस-पंचवीस मिनिटं चालवल्यावर सुरू होतं. तेही रोज नाही. कधी आठवडाभर गप्प, कधी एका फेरीत सहा वेळा. आणि गॅरेजच्या दारात नेली की शाळा तपासणीला आल्यासारखी शहाणी!

आतापर्यंत केलेलं: प्लग नवे टाकले. एअर फिल्टर नवा. थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) साफ. मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) त्याच्याच स्प्रेने धुतला. स्मोक टेस्ट केली (हवेच्या वाटेत धूर भरून गळती शोधतात ती), धूर कुठूनही आला नाही. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही, पेंडिंगमध्येसुद्धा नाही.

गॅरेजवाले आता म्हणतात आधी प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या चारही कॉइल बदलू, नाही गेलं तर पेट्रोलचा पंप बदलू. मला त्याआधीच थांबायचंय.

रेडलाइन | सोमवार, रात्री ११:४१

कॉइल. डोळे मिटून कॉइल. गरम झाल्यावर होतं म्हणालात ना? आतल्या वायरिंगचं इन्सुलेशन गरम झालं की दगा देतं. माझ्या आधीच्या गाडीत हेच होतं.

लॅम्डा_एक | मंगळवार, सकाळी ७:०५

@रेडलाइन, मग पूर्ण पायाला का होत नाही? सिलिंडरमध्ये जितकी जास्त हवा भराल तितका ठिणगी पडायच्या क्षणी दाब जास्त, आणि दाब जास्त तर प्लगची गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. मेलेली कॉइल सगळ्यात आधी पूर्ण थ्रॉटलला उघडी पडायला हवी. इथे बरोब्बर उलटं चाललंय.

नाहीच असं म्हणत नाही. पण पहिल्या नंबरावर मी ठेवणार नाही.

जुना_कार्बोरेटर | मंगळवार, सकाळी ९:३०

दोन_सीटर, तीन प्रश्न. उत्तरं गाडीत बसून द्या, आठवून नको.

एक. आचका येतो तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो? गाडी गिअरमध्ये आहे, चाकं फिरताहेत, म्हणजे इंजिन फिरतंच आहे. तरी काटा धाडकन खाली पडला, तर इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटतोय किंवा वायर कुठेतरी घासली आहे. काटा जागेवर राहिला तर हवा, पेट्रोल किंवा ठिणगीकडे बघायचं.

दोन. टाकी भरून घेतल्यावर लगेच होतं का? तसं असेल तर पर्ज व्हॉल्व्हवर संशय. तो उघडा राहिला की टाकीतली वाफ नको तेव्हा इंजिनात जाते.

तीन. कधी होत नाही? सगळे कधी होतं तेच सांगतात.

मागचं_चाक | मंगळवार, दुपारी १:१५

"वळणातून बाहेर पडताना" हे कोणी वाचलं का? हा पेट्रोलचा हेलकावा आहे. वळणात बाजूला १ जी, म्हणजे वजनाएवढा जोर, बसला की टाकीतल्या पेट्रोलची पातळी ४५ अंशात कलते. टाकी पाव भरलेली असेल आणि आतले पडदे नीट नसतील तर पंप हवा ओढतो. ट्रॅकवर चालवणारे म्हणूनच सर्ज टँक (छोटी जादा टाकी) लावतात. पंपच बघा.

दोन_सीटर | मंगळवार, रात्री १०:५०

आज चाळीस मिनिटं फिरलो, चार वेळा झालं.

काका, काटा जागचा हलत नाही. आचक्यापुरता वर चढायचा थांबतो, बस. टाकी भरल्याचा संबंध दिसत नाही.

मागचं_चाक, आज टाकी काठोकाठ भरूनच निघालो होतो, मुद्दाम. तरी झालं. आणि चारातलं एक सरळ रस्त्यावर, स्पीडब्रेकरनंतर पिकअप घेताना.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अजून वेळ लागेल.

मागचं_चाक | मंगळवार, रात्री ११:०२

बरं, टाकीचा मुद्दा मागे घेतो. पंपाचा नाही.

टर्बोगुरू | बुधवार, सकाळी ८:१०

माझ्या गाडीलाही सेम प्रॉब्लेम आहे, फक्त माझी टर्बो आहे, डायरेक्ट इंजेक्शन आहे आणि मला ५००० च्या वर होतं.

लॅम्डा_एक | बुधवार, सकाळी ८:२२

म्हणजे "सेम"मधलं काहीच सेम नाही. स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू.

@दोन_सीटर, तुमचा स्कॅनर लॉग करतो का? करत असेल तर एक चूक टाळा. लोक वीस-वीस आकडे एकदम लावतात. साधा ब्लूटूथ स्कॅनर गाडीला एकेक प्रश्न विचारून उत्तर घेतो; वीस आकडे मागितले तर प्रत्येक आकडा काही सेकंदांतून एकदा मिळतो. अर्ध्या सेकंदाचा आचका त्या फटीतून निसटून जातो आणि तुम्ही म्हणता "लॉगमध्ये काही नाही". चार-पाचच घ्या: आरपीएम, थ्रॉटल किती उघडला, मॅफ, पहिला ऑक्सिजन सेन्सर आणि शॉर्ट टर्म ट्रिम. लाँग टर्म ट्रिम आधी एकदा बघून कागदावर लिहून ठेवा.

आणि लॅपटॉप मांडीवर ठेवून गाडी चालवू नका. शेजारी कोणाला तरी बसवा, आचका आला की त्याने वेळ लिहायची.

नवशिका | बुधवार, सकाळी ९:००

ट्रिम म्हणजे काय? आणि कोड येत नाही म्हणजे गाडी ठीक आहे असं नाही का?

लॅम्डा_एक | बुधवार, सकाळी ९:४०

किती हवा आत गेली त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल किती शिंपडायचं ते ठरवतो. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवा थोडी कमी लागते. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की हिशोब जमला की नाही. नसेल जमला तर ईसीयू पेट्रोल टक्क्याने वाढवतो किंवा कमी करतो, ती टक्केवारी म्हणजे ट्रिम; शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म बराच काळ टिकलेली. उणे-अधिक ५ च्या आत असेल तर मी मागे वळून बघत नाही. १० च्या पुढे गेली की शोधायला लागतो.

कोडचं म्हणाल तर दिवा लागायला चूक बराच वेळ टिकावी लागते, बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसावी लागते. "मिश्रण पातळ" हा पी०१७१ सहसा ट्रिम बरीच वर जाऊन तिथेच राहिली तर येतो. अर्ध्या सेकंदाच्या चोरीची फिर्याद ईसीयू लिहूनच घेत नाही.

जुना_कार्बोरेटर | बुधवार, सकाळी १०:१५

आमच्या वेळी असला आचका आला की अ‍ॅक्सिलरेटर पंप उघडायचा. पाय दिला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड, ते मागे राहतं. तेवढी फट भरायला तो पंप पिचकारी मारायचा. त्याचा चामडी वॉशर सुकला की गाडी अशीच ठेच खायची. दहा मिनिटांचं काम. असो. आता पिचकारीचं काम ईसीयू करतो आणि माणसं स्कॅनरकडे बघत बसतात.

दोन_सीटर | शनिवार, रात्री ९:३०

कबुलीजबाब: गुरुवारी गॅरेजवाल्यांच्या दबावाला बळी पडून चारही कॉइल बदलल्या. आणि मंडळी, आचका गेला! तीन दिवस झाले, एकदाही नाही. रेडलाइन, तुमचं खरं ठरलं.

रेडलाइन | शनिवार, रात्री ९:३४

😎

जुना_कार्बोरेटर | शनिवार, रात्री १०:००

जुन्या कॉइल फेकू नका.

दोन_सीटर | पुढचा रविवार, रात्री ११:५५

नऊ दिवस. बरोब्बर नऊ दिवस टिकलं. आज परत आला, तोच आचका, तीच जागा. जुन्या कॉइल परत लावून बघितल्या, काही फरक नाही, म्हणजे त्या चांगल्याच होत्या.

पण आता दोन गोष्टी हातात आहेत.

पहिली, लॉग. आचक्याच्या क्षणी आरपीएम २८००, थ्रॉटल जवळजवळ स्थिर. मॅफ सेकंदाला ३० ग्रॅमवरून एकदम २४ वर. त्याच वेळी ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टवर आणि शॉर्ट टर्म ट्रिम अधिक १८. मग सगळं पूर्ववत. लाँग टर्म ट्रिम स्लोला (गाडी उभी, पाय न देता) अधिक ३, हायवेला अधिक ४.

दुसरी, काकांच्या प्रश्नाचं उत्तर. पाचव्या-सहाव्यात कधीच होत नाही. आज मुद्दाम पाचव्यात २८०० ला तेवढाच पाय देऊन वीस वेळा बघितलं. एकदाही नाही. लगेच तिसऱ्यात आणली, तिसऱ्या प्रयत्नात ठेच.

लॅम्डा_एक | सोमवार, सकाळी ६:५०

हा लॉग सोन्याचा आहे.

दोन लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. २८०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला साधारण ४६-४७ लिटर, वजनात पंचावन्न ग्रॅमच्या आसपास, तेही थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर. तुमच्या अर्धवट पायाला ३० ग्रॅम अगदी पटतं. आता थ्रॉटल हलला नाही, आरपीएम हलला नाही, तर इंजिन गिळतंय ती हवा तेवढीच असणार. मग मॅफला सहा ग्रॅम कमी का दिसले? कारण ती हवा मॅफच्या समोरून गेलीच नाही. दुसऱ्या दाराने आली. ईसीयूने २४ ग्रॅमचं पेट्रोल दिलं, आत हवा ३०. मिश्रण पातळ, सेन्सर ०.१ वर. सगळं एका रेषेत बसतं.

पंप कमी पडत असता तर सेन्सर असाच पातळ दिसला असता, ट्रिमही चढली असती, पण मॅफ ३० वरच राहिला असता. पंपाचा विषय माझ्या दृष्टीने संपला.

पूर्ण पायाला का जाणवत नाही तेही कळतं. तिथे ईसीयू मुळातच जास्त पेट्रोल देतो, थोडी चोरी पचून जाते.

मागचं_चाक | सोमवार, सकाळी ७:३०

पंप गेला, मान्य. पण स्मोक टेस्टमध्ये गळती नाही म्हणालेत ते. आणि गळती असती तर ट्रिम कायम वर नको का?

जुना_कार्बोरेटर | सोमवार, सकाळी ९:१०

थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डला गळती असती तर स्लोला ट्रिम चढली असती, कारण तिथे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. स्लोला अधिक ३ म्हणजे तिथे काही नाही. मॅफ आणि थ्रॉटल यांच्या मधे स्लोला जवळजवळ बाहेरइतकाच दाब असतो. तिथे भोक असलं तरी स्लोला कळत नाही. त्या मधल्या जागेत काय असतं? घड्यांचा रबरी बेलो, म्हणजे हवेचा पाइप. एक टोक बॉडीला बांधलेल्या फिल्टरच्या डब्याला, दुसरं इंजिनाला.

आता गिअरचं. २८०० आरपीएम, तेवढाच पाय: इंजिनासाठी तिसरा काय नि पाचवा काय, सारखंच. इंजिनाला गिअर कळत नाही. माउंटिंगला, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधारांना, कळतो. आडव्या इंजिनात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्याच डब्यात, त्यामुळे चाकांना जेवढा टॉर्क जातो तेवढाच उलटा धक्का माउंटिंग खातात. खालच्या गिअरमध्ये तो बराच जास्त. इंजिन कलतं, बेलो ताणला जातो, घडीतली चीर तोंड उघडते. पाय काढला की मिटते. थंड असताना रबर ताठ, गरम झाल्यावर मऊ. स्मोक टेस्ट उभ्या गाडीवर केली, तेव्हा चीर मिटलेलीच.

कॉइल बदलताना बेलो काढावा लागला होता का?

दोन_सीटर | सोमवार, सकाळी ९:२५

हो!! फिल्टरचा डबा आणि बेलो काढल्याशिवाय मागच्या बाजूच्या कॉइलला हात पोचत नाही.

जुना_कार्बोरेटर | सोमवार, सकाळी ९:३१

परत लावताना तो थोडा फिरून बसला, चीर दबली. नऊ दिवसांत सरकत मूळ जागी आला. कॉइलचं श्रेय बेलोला द्या.

आज संध्याकाळी एक करा. इंजिन पूर्ण गरम. मोकळी सपाट जागा, मागे कोणी नाही याची खात्री. रिव्हर्स गिअर, तेवढाच पाय, वेग फार जाऊ न देता. रिव्हर्सचा गिअर पहिल्याच्या जवळपास असतो, म्हणजे धक्का भरपूर, पण उलट दिशेने. इंजिन दुसरीकडे कलेल, चीर आणखी मिटेल. आचका आला नाही तर नव्वद टक्के निकाल लागला.

रेडलाइन | सोमवार, सकाळी ९:५०

उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून रेस दिली तरी इंजिन कलेल की. चालवायला कशाला हवं?

जुना_कार्बोरेटर | सोमवार, सकाळी ९:५८

क्लच जाळायचा असेल तर जरूर. आणि गाडीपुढे उभा राहून बेलो बघणारा माणूस तुम्ही व्हा.

दोन_सीटर | सोमवार, रात्री १०:४०

रिव्हर्समध्ये पंधरा वेळा. शून्य आचके. तिथूनच पहिल्या गिअरमध्ये पुढे: दुसऱ्याच खेपेला ठेच. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "दादा, हे तू तीन महिने का नाही केलंस?" उत्तर नव्हतं.

लॅम्डा_एक | सोमवार, रात्री १०:५५

आता नुसता बेलो बदलून मोकळे होऊ नका. आधी डोळ्यांनी बघा, नाहीतर कॉइलसारखंच होईल. स्मोक टेस्ट परत करा, पण या वेळी इंजिन कलवून. गिअरबॉक्सच्या खाली जॅक, मधे जाड लाकडी फळी. गाडी उचलायची नाही, इंजिन थोडं झुकेल एवढंच. ऑइल पॅनला जॅक लावू नका, पत्रा दबतो. धुराचा दाब नेहमीइतकाच, १ पीएसआयच्या आत; जास्त दिलात तर चांगले सील उघडतील आणि नवीन भुताटकी सुरू होईल.

दोन_सीटर | गुरुवार, रात्री ८:१५

बाप रे.

जॅकचा दांडा तीन वेळा मारला आणि बेलोच्या खालून धुराची बारीक पट्टी निघाली. जॅक सोडला, बंद. परत मारला, परत धूर. गॅरेजचे लोक गोळा होऊन बघत होते. कॉइल विकणारे त्यात नव्हते, ते जेवायला गेले होते.

बेलो हातात घेऊन वाकवला तर खालच्या बाजूने, तिसऱ्या आणि चौथ्या घडीच्या मधे, बोटाच्या दोन पेरांएवढी चीर. सरळ धरला तर काहीच दिसत नाही. हा बेलो मी स्वतः दोनदा पुसलाय!

आणि वरचं माउंटिंग: ते हायड्रॉलिक आहे, त्यातलं द्रव्य गळून खाली काळा ओघळ सुकलेला. हाताने दांडा लावून ढकललं तर इंजिन डोलतं. म्हणजे आधी माउंटिंग गेलं, त्याने बेलो रोज ताणून ताणून फाडला.

नवा बेलो यायला वेळ आहे, तोवर चिरेवर सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप ताणून गुंडाळली. घरी येताना एकही ठेच नाही. पण तीन दिवसांत उड्या मारायची चूक एकदा केली आहे, म्हणून गप्प.

मागचं_चाक | गुरुवार, रात्री ८:४०

माउंटिंग बदलताय तर पॉलियुरेथेनचं टाका. इंजिन हलणारच नाही.

जुना_कार्बोरेटर | गुरुवार, रात्री ९:०५

ट्रॅकची गाडी असेल तर टाका. रोजच्या गाडीत स्लोला आरसा थरथरतो, सीट गुणगुणते, आणि मालक महिन्याभरात मूळ माउंटिंग शोधत फिरतो. बाकीची दोन माउंटिंगही बघून घ्या; एक गेलं की त्याचा भार शेजाऱ्यांनी उचललेला असतो. बोल्ट पूर्ण आवळायच्या आधी इंजिन त्याच्या नैसर्गिक जागी बसू द्या, नाहीतर नवीन रबर पिळलेल्या अवस्थेतच आयुष्य काढेल.

बेलोची क्लिप अशी फिरवा की पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर पोचेल. हे कोणी करत नाही.

दोन_सीटर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:२०

नवा बेलो, नवीन वरचं माउंटिंग. बाकीची दोन ठीक निघाली. अकराशे किलोमीटर झाले, त्यात एक दिवस घाटात मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्यात दामटवली. एकही आचका नाही. तोच लॉग परत घेतला: तिसऱ्यात २८०० ला, तेवढ्याच थ्रॉटलला मॅफ ३० वरून हलत नाही. लाँग टर्म ट्रिम हायवेला अधिक १.

वर एक फायदा असा की क्लच सोडताना गाडी हल्ली जो हिसका द्यायची तो गेला. मला वाटायचं माझा पाय म्हातारा झालाय.

चार जादा कॉइल घरात पडून आहेत.

रेडलाइन | रविवार, रात्री ९:२६

त्या विकणार का?

नवशिका | रविवार, रात्री १०:१०

मी हे सगळं वाचून आज माझ्या गाडीवर रिव्हर्सची परीक्षा केली. माझ्या गाडीत रिव्हर्समध्येही होतंय. 😟

जुना_कार्बोरेटर | रविवार, रात्री १०:१८

मग तुमचा बेलो नसावा. नवीन धागा काढा, आणि पहिल्याच ओळीत लिहा कधी होत नाही ते.